घोडी बुजू नये म्हणून

महिनाभर चाललं तरी न सरणाऱ्या त्या डोंगरवाटेचा रिवाज होता: समोरून घोडा आला, की पायी जाणाऱ्याने कडेला थांबून बोलत राहायचं, म्हणजे जनावर बुजत नाही. धुक्यातून घंटा किणकिणली आणि धाकटा जागीच थबकला. ती वडिलांची घंटा होती, वाटणीत घोडीसकट थोरल्या भावाकडे गेलेली. त्या दिवसापासून दोघांत अबोला होता. पांढऱ्या धुक्यात आधी घोडीचे कान उमटले, मग खोगिरावरचा थोरला. त्याने तोंड फिरवलं. घोडी फुरफुरली, दरीकडे सरकू लागली. आता बोलणं भागच होतं. धाकटा तिच्याकडेच बघत म्हणाला, "काय गं म्हातारे, गुडघे दुखतात का? औषधपाणी करतं का कोणी?" घोडी निवली, घंटाही थांबली. मग वरून घोगरा आवाज आला, "घोडी ठणठणीत आहे. गुडघे माझे दुखतात."