शेवटच्या पानावरची म्हातारी

"कवीचा शब्द मेलेल्यालाही उठवतो," बडबडगीतं लिहिणाऱ्या आजोबांनी जाहीर केलं.

"आधी उतू चाललेलं दूध उतरवा," आजी म्हणाली.

जुन्या गाण्यातली म्हातारी विहिरीवर पाण्याला जाते ती जातेच. तिथे नात हमखास रडायची. म्हणून आजोबांनी आपल्या गमतीदार चित्रपुस्तकात यमकाला यमक जुळवत म्हातारीला शेवटच्या पानावर सुखरूप घरी आणलं होतं.

आज पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर नुसतं उघडं दार होतं. पान हाताला ओलं लागलं.

"अहो, म्हातारी मी दारात रंगवली होती," चित्रकार फोनवर म्हणाला.

आतल्या खोलीत एकटी खेळणारी नात खुदकन हसली. पाठोपाठ कुणा बाईचा कापरा आवाज आला.

"बाळ, आजोबांना म्हणावं, जरा कोरडा टॉवेल द्या."