दुसऱ्या खुर्चीचा बोल्ट

चौथा बोल्ट काही केल्या हलेना.

जुन्या सामानवाल्याला घाम फुटला. सलूनमधली दुसरी खुर्ची न्यायला तो आला होता. तीन बोल्ट निघाले, हा एक हटून बसला.

"एवढा कुणी आवळलाय हो हा?"

"धाकट्याने," दादा म्हणाला. आणि पुसलेलाच आरसा पुन्हा पुसायला लागला.

मंदी आली हे दादाला वर्तमानपत्रातून कळलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या तोंडून कळलं होतं. आधी खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण एकच शब्द बोलायचा.

नेहमीसारखं.

गावातला पंख्यांचा कारखाना बंद पडला आणि बोलणं बदललं.

जरा जास्तच बारीक करा, लवकर यायला नको.

मग –

नुसतं मागचं करा. पुढचं हिने केलंय.

मग कुणीच काही बोललं नाही. कारण कुणी आलंच नाही. रस्त्यावरून घरी कापलेली डोकी जायला लागली. एका कानावर जिना, दुसऱ्या कानावर घसरगुंडी. ज्यांची नोकरी गेली त्यांनी हात आखडला, हे ठीक. ज्यांची टिकली होती त्यांनीही आखडला. दादाने स्वतः बायकोच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून दिली होती. पण तो लोकांना चिक्कू म्हणायचा.

तेवढ्यात सरकारने काम काढलं. सलूनपुढचाच रस्ता उखडायचा, खाली नळ टाकायचे, वरून रुंद करायचा. धाकट्याने नाव नोंदवलं. त्या दिवशी दुकानात भांड्याला भांडं लागलं.

"कात्री धरायच्या हातात खोरं धरणार?"

"दादा, खुर्च्या दोन आणि डोकं एकही नाही. कुणीतरी बाहेर पडायला नको?"

"सरकारच्या खोऱ्यावर जगायचंय ना? मग या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस."

धाकट्याने टाकलं नाही. जाताना त्याने फक्त आपल्या खुर्चीचे बोल्ट आवळले. तेव्हापासून तो दारासमोर, हाकेच्या अंतरावर खणत होता. त्याच्या खोऱ्याची धूळ आत येऊन आरशावर बसायची. दादा ती पुसायचा. बाहेर मात्र बघायचा नाही.

"पहार आहे का एखादी?" सामानवाला विचारत होता, तेवढ्यात दारात सावली पडली.

धाकटा होता. पायाची बोटं उंबऱ्याला टेकलेली, आत नाही. केस कानांवर आलेले, भुवया सिमेंटने पांढऱ्या. त्याच्यामागे त्याची सगळी टोळी. जिने आणि घसरगुंड्या.

"आत येऊ?"

दादा आरसाच पुसत राहिला.

"येऊ द्या की," सामानवाला म्हणाला. "हाच ना तुमचा धाकटा? ज्याने आवळलाय तोच सोडवील."

धाकट्याची नजर खुर्चीवर गेली. जमिनीवर पडलेल्या तीन बोल्टांवर गेली. 

"पगार झाला," तो म्हणाला. "मागचाही झाला होता, पण सगळ्यांनी गाठीला बांधून ठेवला. काम उद्या थांबलं तर काय, म्हणतात. आधी दुसऱ्याने खर्च करावा, मग आपण बघू. म्हटलं चला, पहिला मी बसतो." मग दादाकडे बघून, "गिऱ्हाईक म्हणून आलोय, दादा. फुकट नको."

मागे टोळी उभी होती. सगळ्यांचे हात खिशात. धाकटा परत फिरला असता तर तेही फिरले असते.

वडिलांपासून दुकानात एक रीत होती. खुर्चीत बसायला येईल त्याला 'बसा' म्हणायचं. शेंबडं पोर असो की व्याही असो, खुर्चीपुढे लहान-मोठं नाही.

दादाने खुंटीवरचं कापड काढलं. फटकन झटकलं. महिनोन्महिन्यांची धूळ उडाली.

"बसा," तो म्हणाला.

धाकटा आत आला आणि दुसऱ्या खुर्चीत बसला. खुर्ची डुगडुगली, पण एका बोल्टावर उभी राहिली.

"कसे कापू?"

"नेहमीसारखं."

कात्री सुरू झाली. कंगव्यातून वाळू गळत होती. दारातल्या एकाने आत पाऊल टाकलं, मग दुसऱ्याने, मग बाक भरला. एक जण खाली फरशीवर टेकला.

"अहो, माझ्या खुर्चीचं काय?" सामानवाला म्हणाला.

"तीन बोल्ट परत लावा. आणि टोपी काढा जरा."

त्याने काढली. आत भलामोठा जिना होता. बाक खो खो हसला. सामानवालाही हसला आणि मुकाट्याने पाना शोधायला लागला.

"दादा," बाकावरून कुणीतरी विचारलं, "हा आमच्यात आल्यापासून तुमची मान खाली गेली म्हणे. खरं का?"

धाकट्याचे खांदे कापडाखाली ताठ झाले.

दादाने मान साफ केली, कानामागची लव उतरवली, ब्रशने केस झटकले. मग दरवेळेसारखा छोटा आरसा उचलला आणि मागचं दाखवायला धाकट्याच्या डोक्यामागे धरला. पण तो सरळ धरला नाही. डावीकडे, दाराकडे वळवला.

धाकट्याला समोरच्या आरशात आपली मान दिसली नाही. रस्ता दिसला. काळा, रुंद, टोकापर्यंत सरळ. त्याच्यावरून एक बाई मुलाला सायकल शिकवत होती.

दादाही पहिल्यांदाच बघत होता.

"नीट बघून घ्या सगळ्यांनी," तो बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "हे माझ्या भावाचं काम आहे."