पागेचा रिवाज

“झालं. आता एक टीपुंय नहीं पडे, थेंबसुद्धा नाही,” असं म्हणत तुकोजीराव मोटारीखालून बाहेर आले आणि हाताला लागलेला, नळ्यांचे सांधे बुजवायचा सफेदा त्यांनी सुभानरावांच्या धुतलेल्या फडक्याला पुसला. फडकं काचा पुसायचं होतं. हे मुद्दाम केलं, याबद्दल सुभानरावांना तिळमात्र शंका नव्हती.

दोघे साडू. सख्ख्या बहिणी केल्या म्हणून नवऱ्यांचं पटतंच असं नाही, आणि या दोघांचं तर लग्नाच्या मांडवापासून पटलं नव्हतं. सुभानराव सरदार फत्तेसिंहरावांच्या पागेत वाढलेले. घोडे विकले गेले, मोटार आली, तसे ते स्वाराचे ड्रायव्हर झाले. तुकोजीराव प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातले, वाफेच्या नळ्या सांधणारे फिटर. सुभानरावांची जागा त्यांना आपल्या धाकट्या भावासाठी हवी होती, आणि ते काही लपवूनही ठेवत नव्हते.

काल दांडिया बाजारात सुभानरावांनी ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. महाराजांच्या हीरकमहोत्सवासाठी घातलेल्या मांडवाच्या खांबावर मोटार आपटली आणि सरदारांच्या कपाळाला टेंगूळ आलं. सरदार एवढंच म्हणाले, “उद्या तुमच्या साडूंना बोलावू. ते ब्रेक दुरुस्त करतील. त्यानंतरही मोटार थांबली नाही, तर दोष तुमच्या पायाचा. मग जागा सोडा.”

म्हणून सुभानराव वाकून बघत होते. पुढच्या चाकापाशी ब्रेकच्या तेलाची तांब्याची नळी नटात शिरत होती. तिथं साडूंनी आट्यांवर ताग गुंडाळून वरून सफेदा फासला होता.

“ही वाफेची नळी नव्हे,” ते म्हणाले. “इथं आटे तेल अडवत नाहीत. आत नळीचं तोंड फुलवलेलं असतं, ते नीट बसलं तरच तेल थांबतं. ते तोंड चिरलंय. नळी कापून तोंड नव्यानं फुलवा.”

“घोड्यांचे दात मोजणारे आता मला नळीचं तोंड दाखवणार,” तुकोजीराव म्हणाले. “वीस वर्षं सांधे करतोय, पागावाले. नाचता येईना, अंगण वाकडं.”

ओसरीवर सरदार उभे होते. ते हसले, म्हणून स्वयंपाकी हसला, आणि स्वयंपाकी हसला म्हणून माळीही हसला. सुभानरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सरकार, आपल्या पागेत एक रिवाज होता,” ते शांतपणे म्हणाले. “ज्यानं नाल ठोकली, त्यानंच त्या घोड्यावर पहिली रपेट करायची. नाल निसटली तर मान त्याची मोडायची. सांधा साडूंनी केलाय. त्यांनी खाली भिंतीला पाठ लावून उभं राहावं. मी मोटार उतरणीवरून सोडतो.”

पागेचं नाव निघालं की सरदार खुलत. “राहता का उभे, तुकोजीराव?”

सगळे बघत होते. “राहतो की,” तुकोजीराव म्हणाले आणि जाऊन उभे राहिले.

मोटार जुन्या तबेल्यात ठेवलेली असे. तबेल्यापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत घोड्यांसाठी केलेली दगडी उतरण होती. मोटारीला हाताचाही एक ब्रेक होता. तो तारेवर चाले, त्याचा तेलाशी संबंध नव्हता. पण त्याच्या दांड्याचे दात झिजलेले होते. ओढून धरला तर धरायचा, हात काढला की सुटायचा. हे त्या घरात माळ्यालाही ठाऊक होतं, आणि सकाळी तपासताना तुकोजीरावांनीही पाहिलं होतं.

इंजिन बंद ठेवून सुभानरावांनी मोटार सोडली. अर्ध्या उतरणीवर ब्रेक दाबला. मोटार अडली. तुकोजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. आणि मग सुभानरावांच्या पायाखाली ब्रेक हळूहळू खचत गेला, पार तळाला टेकला, आणि मोटार पुन्हा चालू लागली.

सुभानरावांचा हात मांडीवरच होता. क्षणभर त्यांना वाटलं, जाऊ द्यावी. अगदी मनापासून वाटलं. माणसाला उगाच देव करण्यात अर्थ नाही.

मग त्यांनी दांडा ओढला.

मोटार थांबली तेव्हा तुकोजीरावांचे दोन्ही गुडघे भिंत आणि पुढची लोखंडी पट्टी यांच्यात अडकले होते. मोडले नव्हते, पण कुठे हलताही येत नव्हतं. चाकाखालच्या दगडावर तेलाचा थेंब पडला. मग दुसरा.

ओसरीवरून ना तेल दिसत होतं, ना दांडा. “थांबली की,” सरदार म्हणाले. “ब्रेक तर उत्तम झालाय. म्हणजे नळीचं तोंड चिरलंय ही नुसती सबब, काल चुकला तो तुमचा पाय, सुभानराव. रिवाज तुम्हीच काढलात. उतरा आता खाली, आणि उद्यापासून यांच्या भावाला येऊ द्या.”

सुभानरावांनी मागे वळून पाहिलं नाही. दांडा धरलेल्या हाताला कळ लागली होती. समोरच्या काचेतून ते साडूंकडे बघत राहिले.

“सरकार उतरा म्हणतात,” ते म्हणाले. “हात काढू?”

तुकोजीरावांनी दगडावरचं तेल पाहिलं. मग दांड्यावरचा हात पाहिला. ते बोलले ते ओसरीपर्यंत ऐकू गेलं.

“साडूभाऊ, हात काढू नका.”