फुगा अजून वर होता

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा बघू: एक भलंमोठं काचेचं ऑफिस. रांगेने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे दोन-दोन स्क्रीन, आणि त्यांवर मुंग्यांसारखी धावणारी अक्षरं. आज मुलांना ऑफिस दाखवायचा दिवस आहे. म्हणून एका खुर्चीशेजारी, स्टुलावर, पाय हलवत भिंगरी बसली आहे. वय वर्षं सात. मावशीबरोबर आली आहे.

या कंपनीची एक रीत होती. नवं माणूस कामावर आलं की त्याच्या खुर्चीला गॅसचा फुगा बांधायचा. फुगा मऊ पडून खाली येईपर्यंत ते माणूस नवं. तोवर त्याला कुणी बोल लावायचा नाही, अडलं तर शेजारच्याने सांगायचं. अगदी तळहाताच्या फोडासारखं जपायचं.

मावशीच्या शेजारची खुर्ची चिमणीची. कॉलेजातून थेट आलेली पोरगी. सगळे तिला चिमणीच म्हणत. तिला काम शिकवायचं मावशीकडे होतं. तिचा पिवळा फुगा टम्म होता, रिबीन ताठ. खुर्ची रिकामी होती.

"सकाळी दारात होती ती ताई इथे बसते?" भिंगरीने विचारलं.

"बसायची."

सकाळी ती ताई आपलं कार्ड दारातल्या यंत्राला पुन्हा पुन्हा लावत होती आणि यंत्राचा दिवा दर वेळी लाल होत होता. "काका, मी उलटं धरलंय का?" तिने रखवालदाराला विचारलं. "नाही बाळ," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बरोबर धरलंयस." मग मावशीने आपलं कार्ड लावलं. हिरवा दिवा. भिंगरीचं बोट धरून ती आत आली. मागे वळून पाहिलं नाही.

आत फुगेवाल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. समोरचा दाढीवाला कॉफी ढवळत म्हणाला, "चला, आपण टिकाऊ माल निघालो म्हणायचं."

"आजच्यापुरते," मावशी म्हणाली.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. त्यांनी भिंगरीच्या हातात कंपनीचं नाव छापलेला चेंडू ठेवला. "आवडलं का गं ऑफिस?" आणि त्याच आवाजात मावशीला म्हणाल्या, "चिमणीचं काम तूच बघशील ना? तूच शिकवलंस तिला, जड नाही जायचं तुला. आणि तू निश्चिंत राहा. तुला आम्ही कुठे जाऊ देणार नाही."

"कुठवर?"

"अगं, काय हे विचारणं!" बाई हसल्या आणि पुढच्या मुलाला चेंडू द्यायला गेल्या.

मावशीने चिमणीचं काम उघडलं. मध्येच चिमणीने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, 'हे ताईंना विचारायचं.' मावशीला ती ताई म्हणायची. मावशीने ती ओळ पुसली आणि पुढे टाइप करू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. पुसलेल्या पाटीसारखा चेहरा.

"मावशी, फुगा बांधून का ठेवलाय?"

"सोडला तर छताला जाऊन चिकटेल. मग कुणाचा हात पोचत नाही."

"उद्या तुझापण दिवा लाल होईल?"

मावशीची बोटं थांबली. "माहीत नाही गं," ती म्हणाली, आणि बोटं पुन्हा चालू लागली.

भिंगरी स्टुलावरून उतरली. चेंडू तिने खाली ठेवला. रिकाम्या खुर्चीची रिबीन सोडवली, फुग्यापासूनही काढली. फुगा गुपचूप छताला जाऊन टेकला. मग तिने रिबिनीचं एक टोक मावशीच्या डाव्या मनगटाला बांधलं, दुसरं मावशीच्याच खुर्चीच्या हाताला. दुहेरी गाठ, बुटाची नाडी सुटू नये म्हणून मावशीनेच शिकवलेली. मावशी उजव्या हाताने टाइप करत राहिली.

भिंगरीने दोन्ही हातांनी रिबीन ओढून पाहिली. मग आणखी एक गाठ मारली.