नुसतं सॉरी

भर दुपारी वारंगा फाट्यावर कुलदीपनं बायकोला पिशवीसकट जीपमधून उतरवलं अन् धुरळा उडवत निघून गेला. रुपा माहेरच्या तांड्यात चालत आली, तेव्हा तिच्या गालावर पाची बोटं उमटलेली होती. आठ दिवसांनी मोबाईलवर त्याचा एकच शब्द आला, सॉरी.

"म्हंजे काय गं?" रुपाच्या आईनं, जिवनबाईनं, नातीला विचारलं.

"माफ करा, आजी. पायावर पाय पडला, राँग नंबर लागला, शाळेत उशीर झाला, की म्हणतेत."

"पायावर पाय पडला तरी तेच, अन् गालावर हात पडला तरी तेच? लईच स्वस्तातला माल दिसून राहिला! लिव त्याला, माफी पायजे तर तांड्यात येऊन माग म्हणावं."

कुलदीप पेढ्याचा पुडा घेऊन आला. लिंबाखाली तांड्याच्या मुखियासकट, नाईकासकट, सगळे जमलेले. त्यानं हात जोडले, "सॉरी, मामी."

"कशापायी, जावईबापू? आमच्यात केलेला गुन्हा आपल्या तोंडानं सांगितल्याबिगर माफी न्हाई."

बायको परत मिळंल या आशेनं त्यानं खालमानेनं एकेक सांगून टाकलं. हुंड्यातल्या मोटारसायकलीपायी मारलं, अंगावरचे दागिने काढून घेतले, घराबाहेर काढलं.

जिवनबाईनं पेढ्याचा पुडा बाजूला सारला. मग बायकांच्या घोळक्यात डोईवर पदर घेऊन बसलेल्या एका परक्या बाईकडं ती वळली.



"वकीलबाई, लिवलं का समदं बराबर?"