पेशी

"तांबड्या पेशी कमी, पांढऱ्याही कमी. रक्त हाडांच्या आत तयार होतं ना आई, तिथेच ते बनायचं मंदावलंय," संपदा फोनवर सासूबाईंना समजावत होती.

"पोटुशी असताना ग्रहणात फिरलीस. तेव्हाच सांगत होते. आता भोगतंय माझं लेकरू!"

संपदाने नेहमीसारखं मुकाट्याने ऐकून घेतलं.

सहा वर्षांच्या मैत्रेयीने तिची ओढणी ओढली. दिल्लीत वाढलेल्या या पोरीला एकच पेशी ठाऊक होती, वकील बाबांच्या तोंडची, हिंदीतली: कोर्टात हजर व्हायची.

"आई, माझी पेशी आहे? जजसाहेबांसमोर?"

"नाही गं राणी, ही वेगळी..."

"मी नाही जाणार!" सुईची पट्टी लावलेला हात कमरेवर ठेवून ती सोफ्यावर उभी राहिली. "मैंने कुछ किया ही नहीं! सांग ना आजीला!"

संपदाने तिला कुशीत ओढलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"आई, मैत्रेयी म्हणतेय, तिने काही केलेलं नाही."

तिने मैत्रेयीच्या केसांवरून हात फिरवला.

"आणि मीही नाही."