टायटॅनियमची मूठ

एफिझियो वडिलांचा घडीचा चाकू घेऊन पट्टाडा गावातल्या माझ्या चाकूंच्या दुकानात आला. मेंढ्याच्या शिंगाची मूठ चिरली होती.

"काका, टायटॅनियमची बसवा. बाबा गेल्यापासून आई रोज याच चाकूनं पाव कापते."

"हलकी असते, गंजत नाही, जन्मभर झिजायची नाही," मी म्हणालो, "पण थंडीत हाताला गार लागते."

"लागू दे हो गार! तुम्हाला शिंगापलीकडे काही दिसतच नाही."

मी मूठ बदलून दिली. जुनं शिंग, आम्ही सगळेच कारागीर करतो तसं, किसून परसातल्या द्राक्षवेलीच्या मुळाशी खत म्हणून घातलं.

दोन दिवसांनी त्याची आई, बोनारिया, स्वतःच चढ चढून आली.

"काय वहिनी, बोट कापलंत की काय?" मी चेष्टेनं विचारलं.

"नाही हो. चाकू छान झालाय. फक्त ती जुनी मूठ मला परत द्या."

मी खिडकीतून वेलीकडे बोट दाखवलं. ती खिडकीपाशी गेली.



"यांच्या अंगठ्यानं तिला खळगा पडला होता. पाव कापताना मी माझा अंगठा त्यात ठेवायचे."